कुर्माघरातली पेटी

मित्रांनो, माझ्या झाकणावर पूर्वी दोन गुलाब होते. आता एकच उरला आहे आणि तोही गंजून वांग्याच्या रंगाचा झाला आहे. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझी एक कडी तुटली आहे. कुलूप मला आता लागत नाही, कारण मी जिथे राहते तिथल्या वस्तूला बाहेरचं कोणी हात लावत नाही. चोरी तर लांबच राहिली.

माझा जन्म चंद्रपूरचा. हाफिजभाईंनी मला पत्रा ठोकून घडवलं आणि त्यांच्या घरच्या खैरुनचाचींनी गुलाब रंगवले.

"ये लडकी के घर जाएगी, देखना," हाफिजभाई म्हणाले.

"तुमको कैसे मालूम?"

"लडके पेटी पे बैठते. लडकियां पेटी में रखते."

त्यांचं खरं झालं. गडचिरोलीच्या जंगलातून आलेल्या सोमाजी नावाच्या माणसाने मला पाठीवर घेतलं, बसच्या टपावर चढवलं आणि थोरल्या लेकीसमोर नेऊन ठेवलं. तिचं नाव मैनी. ती पाचवीत आश्रमशाळेत राहायला निघाली होती. तिने आधी मला हुंगलं, मग दोन्ही गुलाब मोजून बघितले, जणू वाटेत एखादा सांडला असता.

ही माडिया आदिवासी माणसं. त्यांची घरातली भाषा कळायला मला वर्ष लागलं. तुमच्यासाठी मी त्यांचं बोलणं झाडीपट्टीच्या मराठीत सांगते आहे.

आश्रमशाळेतली तीन वर्षं माझ्या सुखाची. माझ्यात मैनीचे दोन फ्रॉक, मोहाफुलांची पुरचुंडी, फणी आणि पुस्तकं असत. पाढे पाठ करताना ती माझ्या झाकणावर नखाने ठोके द्यायची. टक, टक, टक. तिसऱ्या ठोक्याला उत्तर आलंच पाहिजे. बाकीच्या मुली म्हणायच्या, "मैनीची पेटी शिकून राह्यली, मैनी नाई!" मला फार अभिमान वाटे. खरं सांगायचं तर एकोणतीसचा पाढा मला आजही येतो.

ती सातवीत असताना एका संस्थेची शिष्यवृत्ती आली. आदिवासी मुलींसाठी. आठवी ते बारावी शहरातल्या शाळेत शिकायचं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडून. शाळेतून एकच नाव निवडलं गेलं, मैनीचं. धनराज मास्तरांनी तिला अर्ज दिला. त्यावर तिचा फोटो चिकटवला. दोन वेण्या, आणि हसू दाबायला घट्ट मिटलेले ओठ.

"सुट्टीत बापाचा अंगठा घेऊन ठेव. शुक्रवारी मी गाडीवर येतो, कागद घेतो. शुक्रवार शेवटचा हाय, ध्यानात ठेवजो."

मैनीने अर्ज आणि जातीचा दाखला माझ्यात ठेवला. घरात ठेवायची सोय नव्हती. आदल्या साली शेळीने तिचं भूगोलाचं अर्धं पुस्तक खाल्लं होतं.

ते तेंदूपान तोडायचे दिवस होते. सोमाजी पहाटे जंगलात जायचा तो अंधारून यायचा. अंगठा आज घेऊ, उद्या घेऊ असं चाललं असताना बुधवारी सकाळी मैनीला पाळी आली.

मित्रांनो, तिच्या गावाला पाळी आलेल्या बाईने घरात राहायचं नाही अशी रीत आहे. गावाच्या कडेला एक झोपडी असते, तिला कुर्माघर म्हणतात. चार-पाच दिवस तिथे राहायचं. घरची बाई जेवण आणून बाहेरच्या चपट्या दगडावर ठेवते. आत गेलेल्या वस्तूला पुरुषाने शिवायचं नाही. बाईने शिवलं तर तिलाही त्या मुलीबरोबर आतच राहावं लागतं. बाहेर येताना अंग धुवायचं, वस्तूही धुवायची.

आणि मैनीने अभ्यास बुडू नये म्हणून मला उचललं, तशीच, सगळ्या कागदांसकट आत नेलं. चूक तिच्या ध्यानात आली ती मला खाली ठेवल्यावर. पेटी धुता येते. कागद कसा धुणार?

शुक्रवारी दुपारी सोमाजी पानं टाकून धावत आला आणि वीस पावलांवरच्या मोहाच्या झाडाखाली थांबला. रस्त्यावर धनराज मास्तर गाडीला टेकून उभे होते. ते बाहेरचे, रीत त्यांना लागू नव्हती, पण अंगठ्याशिवाय अर्ज नेऊन उपयोग नव्हता. आणि दगडाजवळ उभी होती मैनीची माय, जंगूबाई. हातात अंबिलीने भरलेला गंज, म्हणजे पातेलं. धाकटी दिव्यानी तिच्या लुगड्याला धरून.

मैनी दारात अर्ज धरून उभी राहिली. "बा, एकच बोट लाव ना."

"पोरी, मले नाई चालत ना वो," सोमाजी म्हणाला. तो धिप्पाड माणूस, अस्वलाला हाकलून आलेला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "जंगलात जातो मी रोज. रीत मोडून कसा जाऊ?"

जंगूबाईने गंज दगडावर ठेवला आणि मागे सरकली. ऊन कलेपर्यंत मास्तर थांबले. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गेल्याचा.

पाचव्या दिवशी मैनी नदीवर न्हाऊन घरी गेली. मला धुऊन नेता आलं असतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शाळेतही ती पुन्हा गेली नाही. अर्ज माझ्या तळाशी, फोटो वर करून, तसाच राहिला.

सात वर्षं मी कुर्माघरात आहे. येणाऱ्या बायका माझ्यावर डोकं टेकतात, माझ्यात फडकी ठेवतात. अर्ज सगळ्यांनी पाहिला आहे. कोणी त्याने चूल पेटवली नाही. "राहू दे, मैनीचं हाय," म्हणतात आणि झाकण हळू लावतात, जसं निजलेल्या लेकरावर पांघरूण घालावं.

आणि मैनी? ती दर महिन्याला यायची. तिलाही इथेच यावं लागे ना! ती मोठी होत गेली, हातांना कोयत्याचे घट्टे पडले, आणि माझ्यातली मैनी तेरा वर्षांचीच राहिली. ओलीने फोटोतला चेहरा विरत गेला, पण ते मिटलेले ओठ गेले नाहीत. झाकण उघडलं की दोघी एकमेकींकडे बघत. मला वाटायचं, आतली आता विचारणार, "तू कोण वो बाई?"

पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. मैनीने अर्ज उचलून पहिल्यांदा नीट वाचला, सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून. एका ओळीवर ते बोट थांबलं. तिथे छापलं होतं: आई किंवा वडिलांची सही अथवा अंगठा.

आई किंवा वडील.

मास्तर म्हणाले होते बापाचा, म्हणून सगळे बापाकडे बघत राहिले. माय दहा पावलांवर उभी होती. दोन्ही हातांना धडधाकट अंगठे घेऊन. ती ओळ माझ्या पोटात होती, मित्रांनो, मला सारखी दिसत होती. पण पेटीचं तोंड दुसऱ्याने उघडायचं असतं.

मैनीने अर्ज परत ठेवला. रडली नाही. माझ्या झाकणावर नखाने तीनदा वाजवलं आणि उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून तो आवाज इथे आहे. टक, टक, टक. छप्पर गळत नसताना, उंदीर नसताना. नवीन सुना विचारतात, "कोन व्हय?" जुन्या बाया म्हणतात, "पाढे पाठ करून राह्यली कोनीतरी. झोप."

यंदाच्या उन्हाळ्यात तीच शिष्यवृत्ती दिव्यानीला मिळायची होती. हो, लुगड्याला धरून उभी असलेली तीच. तिचं नाव दवाखान्यातल्या सिस्टरने ठेवलं, म्हणून असं शहरी. तिच्या शाळेतल्या नीलिमा मॅडम पोंभुर्ण्याच्या, इथली रीत त्यांना ठाऊक नव्हती. शेवटच्या दिवशी स्वतः अर्ज घेऊन स्कूटीवर गावात आल्या. दिव्यानी कुर्माघरात आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग काय झालं?" आणि चांगुलपणाने तरातरा आत येऊन, मला टेबल करून, तिच्याकडून अर्ज भरून घेतला. मग दारातून हाक मारली, "सोमाजीभाऊ, या, अंगठा द्या!"

सोमाजी त्याच मोहाखाली होता. तो एक पाऊल मागे गेला.

"मॅडम, तुमी कागद आत काऊन नेला वो?"

मॅडमना आपली चूक कळली. त्यांनी मोबाइलवर वेळ पाहिली. माझ्या पोटात जुना अर्ज, झाकणावर नवा. मला वाटलं, आता दोन मुली माझ्या तळातून बघत राहणार.

जंगूबाई दगडाजवळ गंज घेऊन उभी होती. तिच्याशेजारी मैनी, वीस वर्षांची. मैनी खाली बघत म्हणाली, "माय, त्या कागदावर तुहा अंगठाबी चालते."

"कोन म्हनते?"

"लिवलं हाय. माह्याबी कागदावर लिवलं होतं."

जंगूबाई तिच्याकडे वळली. "तुले कधी समजलं?"

"सात वर्सं झाले."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तारीख गेली होती, माय. सांगून काय करतो? तुले जलमभर टोचलं असतं."

जंगूबाईने गंज खाली ठेवला. दगडावर नाही, मातीत, कुठे ठेवला हे तिलाही कळलं नसावं. ती दगड ओलांडून चालत आली. मागून एक म्हातारी ओरडली, "ए जंगू! तुही पाळी तं दोन सालाखाली गेली ना वो! या वयात कुर्म्यात?"

"तुले यायचं हाय काय, आत्या? जागा हाय!"

मॅडम शाईचं पॅड शाळेत विसरल्या होत्या. जंगूबाईने आतल्या चुलीवरच्या गंजाच्या बुडाच्या काळ्या काजळीत अंगठा घासला. "काया तं काया. माहाच हाय." अन् नव्या अर्जावर दाबला. मॅडम कागद घेऊन पळतच सुटल्या. स्कूटीचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला.

रीतीप्रमाणे जंगूबाई लेकीबरोबर कुर्माघरात राहिली. दुसऱ्या दुपारी दिव्यानी नदीवर गेली असताना तिने मला उघडलं. फडकी बाजूला केली. जुना अर्ज काढून मांडीवर घेतला आणि विरलेल्या फोटोवरून पदर फिरवला, तोंड पुसावं तसा. तिला वाचता येत नाही. पण जागा तिने नव्या कागदावर पाहिली होती. तिने पुन्हा काजळीत अंगठा घासला आणि तिथेच, बरोबर तिथेच, दाबला. बराच वेळ उचलला नाही.

दिव्यानीची निवड झाली. जून संपता संपता ती चाकांच्या बॅगेतून कपडे घेऊन चंद्रपूरला गेली. मला कोणी नेलं नाही. मी तक्रार करत नाही. मला चाकं नाहीत आणि माझं पोट रिकामं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा कागद आला तर तो पेटीत ठेवण्याआधी मोठ्याने वाचा. आईला ऐकू जाईल असा वाचा, ती दाराबाहेर उभी असली तरी. आणि माझ्यासारखी जुनी पेटी कुठे दिसली तर भंगारात घालण्याआधी एकदा तळापर्यंत बघा.

मला वाटलं होतं, अंगठा लागल्यावर तो आवाज थांबेल. थांबला नाही. मागच्या महिन्यात मैनी आली, माझ्यावर डोकं टेकून निजली, आणि तो आला. टक, टक, टक.

मैनी डोळे न उघडता म्हणाली, "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

बरोबर होतं.