मागच्या सीटचा माईक

मोटारसायकलवर मागे बसून मी बोललेलं आमच्या ह्यांना आजवर कधी ऐकू आलं नाही. "वारा फार गं!" एवढंच उत्तर. सहलीत ह्यांची गाडी सगळ्यांच्या पुढे, म्हणून मित्र ह्यांना कॅप्टन म्हणतात. म्हणोत बापडे!

गेल्या वर्षी ह्या सगळ्या मित्रांबरोबर सहलीला निघालो होतो. घाटात भावाचा मेसेज आला : आईचं काही खरं नाही, लगेच ये. ह्यांच्या पाठीवर बुक्के मारत मी ओरडले, "अहो, गाडी वळवा! आई चाललीय!" गाडी वळली नाही. माथ्यावर फोटोबिटो काढून झाल्यावर हेल्मेट काढून विचारतात कसे, "काही म्हणत होतीस का?"

मी पोहोचले तेव्हा आई गेली होती.

"शपथ, ऐकू आलं नाही," हे म्हणाले. मी विश्वास ठेवू पाहिला, पण मनातली शंका काही जाईना. म्हटलं, थांब, तुला ऐकवतेच.

यंदा कॅप्टनना गाडीवर म्युझिक सिस्टीम बसवायची हुक्की आली. दुकानात हे दोन चिमुकल्या स्पीकरांपाशी घुटमळत होते. मी म्हटलं, "शी, खेळण्यातले वाटतात! चार घ्या चांगले दणदणीत. दोन हँडलपाशी, दोन मागच्या पेटीवर." ह्यांची छाती फुगली. "बायकोला अक्कल आली बरं का," असं मेकॅनिकला सांगून हे शेजारच्या दुकानात हातमोजे बघायला गेले.

"मागच्या सीटला माईक बसवता येईल?" मी हळूच विचारलं.

"येईल की ताई. पण हातात धरायचा घ्या. तोंडाजवळ धरून बोला, नाहीतर शिट्टी वाजेल. बटण दाबलं की गाणं थांबेल आणि बोलणं चारही स्पीकरांतून येईल."

"बसवा."

निघायच्या दिवशी पेट्रोल पंपावर सगळे मित्र बायकांसह जमले. ह्यांनी गाणं मोठ्ठं लावलं आणि मिशीवर ताव दिला. मी मागे बसले, सीटखाली लपवलेला माईक काढला, बटण दाबलं.

"अहो, गाडी वळवा! आई चाललीय!"

पंपभर आवाज घुमला. पेट्रोल भरणाऱ्याचा हातसुद्धा थांबला.

"अगं, काय तमाशा लावलायस!" हे लालबुंद होऊन वळले.

"नुसतं विचारतेय. आज ऐकू आलं?" मी माईक ह्यांच्या तोंडापुढे धरला. "की आजही वारा आहे?"

"तेव्हाही आलं होतं!" हे खेकसले. "पण माथा जवळ आला होता, सगळे माझ्या मागून येत होते..."

चारही स्पीकरांतून शब्द न् शब्द खणखणीत आला. मेकॅनिकनं काम चोख केलं होतं. मित्र खाली बघू लागले. वर्षभर मी मनातून हेच मागत होते, की ह्यांना खरंच ऐकू आलेलं नसावं. तेवढं जरी खरं निघालं असतं, तरी मी गप्प बसले असते.

मी उतरले, गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि रस्त्याला लागले.

"अगं, किल्ली! किल्ली तरी दे!" हे मागून ओरडत होते.

झाडाचं पानही हलत नव्हतं. पण मला बाई काही ऐकू आलं नाही.