थापलेली भाकर

मुरुमच्या आमच्या नाटकमंडळाला भांडायला कधी कारण लागलं नाही, पण या खेपेला ते दोन वर्तमानपत्रांनी घरपोच दिलं. एकानं लिहिलं, 'मथुराबाईंनी रंगमंचावर भाजलेली भाकर हा नाटकाचा प्राण.' दुसऱ्यानं लिहिलं, 'बाई भाकर भाजत बसल्या आणि नाटक थंड झालं.' प्रयोग एकच, भाकरही एकच.

मथुराबाईंना नाटकात बोलायला एक ओळ नव्हती. त्या नायकाची आई. पडदा उघडला की चुलीपुढं बसायचं, ज्वारीचं पीठ मळायचं, भाकर थापून भाजायची आणि उठून आत जायचं. मग नायक झालेला नंदीश येतो, बापाशी भांडतो आणि उपाशीच घर सोडतो. पण स्टँडजवळ खानावळ चालवणाऱ्या या बाईला भाकर करताना कुणी बसून बघितलं ते पहिल्यांदाच. त्याचं त्यांना लई अप्रूप. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दुसरा प्रयोग ठरल्यावर तिथल्या बहिणीला त्यांनी समदं घर घेऊन यायला सांगितलं.

दिग्दर्शक शिवपुत्र मात्र दोन्ही कात्रणं खिशात घालून हिंडायला लागला. भेटेल त्याला वाचून दाखवायचा. चांगलं वाचलं की छाती फुगायची, वाईट वाचलं की तोंड पडायचं. मी मंडळाचा मेकअप करते, मला तर दोन्ही पाठच झाली. "अहो, एक काय ते धरा," म्हटलं. धरलं असतं तर तो शिवपुत्र कसला! त्यानं दोघांनाही खूश करायचं ठरवलं.

वाशीला प्रयोगाआधी तो आत आला. "मथुराबाई, आज भाकर थापा आणि उठा. भाजायचं न्हाय, वेळ जातो."

"अर्धीच?"

"अर्धीच. आणि एवढ्यानंही जमलं नाही, तर तुळजापूरला तो प्रवेशच काढतो."

मी मथुराबाईंचा अंबाडा बांधत होते, त्यांची मान ताठ झालेली हाताला कळली. मला असा संताप आला! नाटकातलं तेवढंच बाईच्या वाट्याला आलेलं, आणि या माणसाला नेमकी तिथंच कात्री लावायची होती.

पडदा उघडला. बहीण, भाचे, सुना, सगळे पुढंच बसलेले. मथुराबाईंनी भाकर थापली. आता उठायचं, म्हणून मी विंगेतून हात हलवला. त्या अर्ध्या उठल्या, परातीकडं बघितलं आणि खाली बसल्या. चूल पेटलेलीच होती. भाकर तव्यावर गेली.

"अगं बाई!" मी म्हणाले. शिवपुत्रानं कपाळाला हात लावला.

नंदीश आत आला, आईला तिथंच बघून गडबडला, पण भांडायला लागला. तो बापावर ओरडतोय आणि मागं आई भाकरीला पाणी फिरवतेय, उलटतेय, निखाऱ्याला लावून फुगवतेय. लोक सगळे तिच्याकडं बघत होते. शेवटचं वाक्य टाकून नंदीश दाराकडं वळला, तर मथुराबाई भाकर घेऊन समोर उभ्या. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. बिचारा थिजला. सगळं नाटक त्याच्या उपाशी जाण्यावर उभं होतं.

पुढून मथुराबाईंची बहीण ओरडली, "घे की रं मुडद्या!"

नंदीशनं घेतली. घेतली आणि रडला. खरंच रडला, तालमीत डोळ्याला कांदा लावूनही आम्हाला त्याच्याकडून ते करून घेणं जमलं नव्हतं.

पडदा पडल्यावर शिवपुत्र गरजला, "उठायला सांगितलं होतं की न्हाय?"

"व्हय. पण थापलेली भाकर टाकून कसं उठावं, आप्पा? म्या उठलेच होते. जमलं न्हाय."

त्या आठवड्यात पुन्हा कात्रणं आली. एकानं लिहिलं, 'दिग्दर्शकाची धाडसी कल्पना.' दुसऱ्यानं लिहिलं, 'घर सोडणारा नायक जाताना भाकर घेऊन जातो, हा कसला राग?' शिवपुत्र दोन्ही घेऊन खानावळीत आला. मी तिथंच जेवत होते. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. मथुराबाई तव्यापुढून उठल्या नाहीत.

"कच्ची होती, असं कुणी लिवलंय का?" त्यांनी विचारलं.

शिवपुत्रानं दोन्ही कात्रणं परत वरून खालपर्यंत बघितली. "न्हाय."

"मग झालं तर."

शिवपुत्रानं कात्रणांची घडी केली, माझ्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली, आणि समोर बसून ताट मागितलं.

"मथुराबाई," तो म्हणाला, "तुळजापूरला पुरती भाजूनच उठा."