अकरा वर्षांची उचकी

सरकारी इस्पितळाच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला एक खिडकी होती आणि तिच्यावर ‘चौकशी’ अशी पाटी. त्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे चौकशीबाईच म्हणत. खरं तर चौकशी लोक करायचे, बाई नुसती उत्तरं द्यायच्या. एक्स-रे कुठे? डावीकडे. डोळ्यांचे डॉक्टर? मंगळवारी. शवागार कुठे असं कुणी विचारलं, की मात्र त्या खिडकी बंद करून उठायच्या आणि त्या माणसासोबत चालत जायच्या.

बाईंना स्वतःला प्रश्न पडला तो मोठ्या बहिणीच्या घरी. ताईचे यजमान, म्हणजे दाजी, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर पत्रं खणांत टाकणारा माणूस. गोळ्यांसाठीही त्यांनी खणांची लाकडी पेटी करून घेतली होती. एका रविवारी जेवताना त्यांची मान हळूहळू खाली आली आणि नाक ताटाला टेकलं.

“रोजचंच आहे,” ताई म्हणाली. “वय झालं.”

“अडुसष्ट म्हणजे काही वय नाही. कुठली गोळी घेतात गं?”

पेटीत पाच तऱ्हेच्या गोळ्या होत्या. रक्तदाबाची, साखरेची वगैरे चार ताईला तोंडपाठ. पाचवी पांढरी, चपटी, मधे रेघ असलेली. “ही कशाची?” बाईंनी विचारलं. ताई दाजींकडे बघायला लागली. दाजी डोळे किलकिले करून म्हणाले, “ही पहिल्यापासून आहे.”

पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? हा किडा बाईंच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. दाजींनी एकही कागद फेकलेला नव्हता, तारखेनुसार लावून ठेवले होते. बाई जमिनीवर बसून उलट्या क्रमाने वाचत गेल्या. दर थोड्या वर्षांनी डॉक्टर बदललेला, अक्षर बदललेलं, पण पांढऱ्या गोळीपुढे शब्द तेच: ‘चालू ठेवा.’ सात डॉक्टर, सात ‘चालू ठेवा’. सगळ्यांत तळाला अकरा वर्षांपूर्वीचा कागद होता, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरचा. त्यावर लिहिलं होतं: ‘उचकी थांबत नाही. ही गोळी, पाच दिवस.’

बाईंनी तो कागद तीनदा वाचला. मग हसू आवरेना. ताई स्वयंपाकघरातून धावत आली, तिने वाचलं, आणि ती खाली बसली.

“अगं, उचकी तर तिसऱ्याच दिवशी थांबली होती,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन इस्पितळात दाजींना सध्या तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांकडे गेल्या. ते म्हणाले, “हिने झोप येते खरी, पण आधीच्यांनी दिलीय, काहीतरी कारण असेलच. मी कशी बंद करू?” मोठ्या डॉक्टरांच्या दारात त्यांनी कागद पुढे केला, तर ते न बघताच म्हणाले, “बाई, रांग बघताय ना?” मग बाई औषधभांडारात गेल्या.

“ही गोळी दरवर्षी एवढी का मागवता?”

“खपते म्हणून,” भांडारपाल म्हणाला.

“आणि खपते कशामुळे?”

“आपण मागवतो म्हणून. डॉक्टर जे शिल्लक असेल तेच लिहितात ना.”

“मग एखाद्या वर्षी कमी मागवून बघा.”

भांडारपालाने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, जणू बाईंनी इस्पितळच विकायला काढलंय. “तरतूद खर्च झाली नाही तर सरकार पुढच्या वर्षी कापतं. मग खरोखर लागली तर आणायची कुठून?”

त्याचंही खोटं नव्हतं. कुणीच खोटं बोलत नव्हतं, कुणी चोर नव्हता, प्रत्येकाकडे कारण होतं. आणि तरीही दाजींचं नाक ताटात. हे कसं काय, याचंच बाईंना नवल वाटत राहिलं.

त्याच महिन्यात इस्पितळाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. दुपारी सभागृहात करमणुकीचा कार्यक्रम, समोर आरोग्य खात्याचे संचालक. बाईंनी नाव दिलं. दहा मिनिटं, ‘विनोदी प्रवेश’. आयोजकांना वाटलं, बाई रुग्णांच्या नकला करतील.

बाईंनी रंगमंचावर एक खुर्ची ठेवली आणि हातात खिडकीची रिकामी चौकट धरली. चौकटीच्या एका बाजूने त्या स्वतः होत्या, वळून दुसऱ्या बाजूला गेल्या की उचकी.

“बाई, मी उचकी. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण माझी गोळी अजून नोकरीवर आहे. तिला घरी सोडायचं तर कुणाला भेटू?”

“डॉक्टरांना भेटा.”

“भेटले. ते म्हणाले, मी तिला नेमलं नाही, मी कशी काढू?”

“मग भांडारात जा.”

“गेले. ते म्हणाले, गोळी गेली तर तिची जागा रद्द होईल.”

“मग सरकारकडे जा.”

“बाई, उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. माणसांचं जाऊ दे, सरकार अकरा वर्षं माझीच आठवण काढतंय. एवढं प्रेम मला माहेरीसुद्धा मिळालं नाही!”

सभागृहात हशा उसळला. परिचारिका पदर तोंडाला लावून हसत होत्या, भांडारपाल मांडीवर थापा मारत होता. दाजींचं नाव न घेता बाईंनी सांगितलं, की गोळी घेणारे गृहस्थ नोकरीची शेवटची वर्षं दिवसभर पेंगत होते, आणि सरकारी कचेरीत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. इथे संचालक सगळ्यांत मोठ्याने हसले. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, हसू घडी करून खिशात ठेवलं, आणि शेजारच्या अधीक्षकांच्या कानाला लागले.

चौथ्या दिवशी बाईंच्या खिडकीतून एक लिफाफा आत आला. खात्याची प्रतिमा मलिन केल्याबद्दल खुलासा करावा, समितीपुढे हजर राहावं. निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. ताई म्हणाली, “माफी माग आणि मोकळी हो.” बाईंना रात्री झोप लागली नाही हे खरं, पण समिती काय विचारणार, याची उत्सुकताही तितकीच होती.

समितीत तिघे होते: अधीक्षक, लेखाधिकारी आणि मोठे डॉक्टर. कोपऱ्यात टंकलेखक.

“नेमकं काय बोललात ते नोंदवायचं आहे,” अधीक्षक म्हणाले. “शब्दशः सांगा.”

बाईंनी सांगायला सुरुवात केली. ‘माझी गोळी अजून नोकरीवर आहे’पाशी लेखाधिकाऱ्यांना ठसका लागला. ‘माहेरी’पर्यंत येईतो अधीक्षकांनी फाइल तोंडासमोर धरली होती आणि फाइल हलत होती.

टंकलेखकाने मान वर केली. “साहेब, हशा लिहू का?”

“कोण हसलं?” अधीक्षक गरजले.

“तेच विचारतोय. समितीचा लिहू, की निनावी?”

यावर तर बाईही हसल्या. मोठे डॉक्टर तेवढे गंभीर होते. “हा रुग्ण खरा आहे का?” त्यांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून कागद काढले आणि टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. डॉक्टर एकेक बघत गेले. चौथ्यावर त्यांचं बोट थांबलं. सही त्यांचीच होती.

अधीक्षकांनी फाइल खाली ठेवली.

“तुम्ही मला आधी का विचारलं नाहीत?” डॉक्टर म्हणाले.

“विचारलं होतं, डॉक्टर. तुम्ही रांग दाखवलीत.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “हो. रांग होतीच,” ते म्हणाले. मग चष्मा परत चढवून, “उद्या घेऊन या त्यांना. ही गोळी एकदम सोडायची नसते, हळूहळू उतरवावी लागते. तुम्ही परस्पर बंद केली नाहीत ना?”

“छे. मी नुसती चौकशी करते.”

समितीचा निकाल आला: दहा मिनिटांऐवजी चौदा मिनिटं घेतल्याबद्दल तोंडी ताकीद. गोळीची खरेदी होती तेवढीच राहिली, कारण मागणीपत्र आधीच वर गेलं होतं. मोठे डॉक्टर मात्र आपल्या रुग्णांच्या कागदांवर प्रत्येक औषधापुढे ‘कशासाठी’ असं लिहायला लागले. त्यांची रांग आणखी लांबली. लोक बाईंच्या खिडकीशी येऊन कुरकुर करत, “आत एवढा वेळ काय करतात हो?” बाई म्हणत, “वाचतात.”

दाजींची गोळी सहा आठवड्यांत उतरली. पहिले काही दिवस ते चिडचिडे झाले, हात थरथरला, डॉक्टरांनी दोनदा बोलावून तपासलं. मग एका संध्याकाळी बाई गेल्या तर दाजी खुर्चीत ताठ बसून खिडकीबाहेर बघत होते. समोरची चारमजली इमारत त्यांनी बोटाने दाखवली.

“ही कधी झाली?”

“आठ वर्षं झाली की,” ताई म्हणाली.

“आणि तिथलं चिंचेचं झाड?”

“तेव्हाच तोडलं. तुम्ही गॅलरीतच बसला होता.”

दाजी झाडाच्या जागेकडे बघत राहिले. एवढ्या लोकांना हसवणाऱ्या बाईंना त्यात हसण्यासारखं काही सापडेना. मग दाजींनी खुर्ची ताईच्या दिशेने वळवली.

“धाकट्या लेकीच्या लग्नात मी काही बोललो होतो का गं? मला नीट आठवत नाही.”

ताईने हातातली भाजी बाजूला ठेवली. “थांबा, पहिल्यापासून सांगते,” ती म्हणाली. बाईंनी भाजीची परात आपल्या मांडीवर ओढली आणि त्या ऐकत निवडत बसल्या.