भूक नंतर आली

आईनं अन्न सोडलं त्याच आठवड्यात ताईच्या टेबलावर 'स्टार्व्ह' हे क्रियापद आलं. असल्या जुळवाजुळवीला देवाकडे भरपूर वेळ असतो. माणसाला सुखानं न्यायचं म्हटलं की मात्र तो कामात.

ताई शब्दकोशाच्या ऑफिसात इंग्रजी क्रियापदांचे अर्थ क्रमानं लावायची. त्यांच्या कोशाचा नियम असा की सगळ्यात जुना अर्थ आधी आणि आजचा शेवटी. 'स्टार्व्ह'चा जुना अर्थ होता नुसता 'मरणे'. कशानंही. घावानं, तापानं, म्हातारपणानं. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ अजून तेवढंच काम करतो. इंग्लंडच्या उत्तरेकडे त्यात गारठून मरणं शिरलं. बाकी ठिकाणी शब्द हळूहळू भुकेनं मरण्यावर येऊन बसला, दुसऱ्याला उपाशी मारण्यावरही आला. आणि आता?

"आय ॲम स्टार्व्हिंग," शेजारच्या टेबलावरचा पोट चोळत म्हणाला. "चला कॅन्टीनला."

"आत्ताच दोन सँडविच हाणलेस की रे!"

"म्हणून तर आजचा अर्थ शेवटी लिहायचा, बाई."

ताई हसली. त्या आठवड्यात ती हसली ती एवढीच.

आई ताईकडेच होती, मागच्या खोलीत. गिळायची ताकद गेली होती. डॉक्टरीणबाईंनी ताईला बाहेर घेऊन स्पष्ट सांगितलं, "त्या खात नाहीत म्हणून जात नाहीयेत. त्या चालल्यात, म्हणून खात नाहीत. भरवलंत तर ते फुप्फुसात जाईल. नळी घातली तर हाल वाढतील, दिवस नाही. ओठ ओले ठेवा."

ताई ओल्या कापसानं ओठ पुसत बसायची. धाकटा भाऊ टायरचं दुकान बंद करून दुपारी यायचा आणि पलंगाच्या पायाशी उभा राहायचा. हा शेंडेफळ. केस पिकले तरी आईच्या हातचा घास घेतल्याशिवाय दुकान उघडलं नव्हतं पठ्ठ्यानं. बायको म्हणायची, माझं लग्न सासूच्या पोराशी झालं, माझ्या वाट्याला नवरा आलाच नाही.

"ताई, दूध तरी दे तिला."

"नाही द्यायचं, राजा."

"उपाशी मारतेस तू तिला."

ताईचं डोकं दिवसभर त्याच शब्दात होतं. तिला वाटलं, यानं समजेल. शिकलेल्या माणसाला दुःखातही समजावता येईल असं वाटतं, हा त्याचा रोग.

"ऐक. इंग्रजीत उपाशी मरण्याला जो शब्द आहे ना, तो आधी नुसता मरण्याचा होता. भूक त्यात नव्हतीच. लोकांनी ती नंतर घातली. आईच्या जाण्यातही भूक नाहीये रे. ती तू घालतोयस."

"आई मरतेय आणि तू मला डिक्शनरी शिकवतेस?" तो म्हणाला. "चुलीत घाल तो शब्द. तुला काळीज नाही, ताई. नुसते अर्थ आहेत."

दुसऱ्या दिवशी ताई औषधाच्या दुकानात गेली होती. परतली तेव्हा धाकटा उशाशी बसलेला, आईचं डोकं त्याच्या मांडीवर, हातात वाटी आणि चमचा. चेहरा असा उजळलेला की ताईला लहानपणीचा तो दिसला.

"प्यायली गं! चार चमचे. माझ्या हातून प्यायली!"

आईच्या घशात घरघर सुरू झाली होती. ताईनं तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. संध्याकाळी ताप चढला. डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि ताईकडे फक्त पाहिलं. पुढचे दोन दिवस आई बुडणाऱ्या माणसासारखा श्वास घेत होती. शांत जायची होती ती. तशी गेली नाही.

गेल्यावर धाकटा ताईच्या खांद्यावर कोसळला.

"ताई, उपाशी नाही ना गं गेली? दूध पोटात गेलं होतं ना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य घेऊन याला रोज दुकान उघडावं लागलं असतं.

"पोटात गेलं, राजा," ताई म्हणाली. "तुझ्या हातचं पिऊन गेली."

माणसं जमली तेव्हा तो प्रत्येकाला तेच सांगत होता. चार चमचे. माझ्या हातून. हिनं तर दुधाला हात लावू दिला नव्हता. मावशीनं ताईनं पुढे केलेला पाण्याचा पेला घेतला नाही. "जन्मदात्या आईला गं?" एवढंच म्हणाली. सगळे ताईकडे बघत होते आणि ताई धाकट्याकडे. तो नीट रडत होता, मोकळा, कुणाकुणाच्या गळ्यात पडून.

जाताना तो चप्पल घालून खाली मान घालून उभा राहिला. ताई दारात आली.

"येत जा रे," ती म्हणाली.

"कुणाकडे?" त्यानं विचारलं, आणि जिना उतरून गेला.