बाबांनी भरलेलं सिलिंडर

"आधी मोज, मग उचल," सासरे म्हणाले आणि सिलिंडरवर हात ठेवून उभे राहिले.

"बाबा, तुम्ही भरलंय ना? मग मी काय मोजायचं?"

"मी भरलंय म्हणूनच मोजायचं."

आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. सासऱ्यांच्या कामाला सुनेने यंत्र लावून बघायचं, हे माझ्या पचनी पडत नव्हतं. नवरा बाकावर बसून मजा बघत होता. हा माणूस सिलिंडरांच्या दुकानात वाढला, पण गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. सल्ला मात्र पार तळापर्यंतचा देतो.

"मोज गं," तो म्हणाला, "नाहीतर रात्री जेवताना टक्केवारी ऐकावी लागेल."

सासरे एकतीस वर्षं डायव्हरांसाठी सिलिंडर भरतात. सगळे त्यांना टक्केकाका म्हणतात. कशात किती ऑक्सिजन, किती हेलियम, हे त्यांनी चिठ्ठीवर लिहून सिलिंडरला चिकटवलं की ते ब्रह्मवाक्य. तरी ते प्रत्येकाला समोर उभं करून मोजायला लावतात. भलेभले डायव्हर कंटाळून शिव्या देतात, हे हसतात, पण सिलिंडर सोडत नाहीत.

मला पहिल्यांदाच साठ मीटर खोल जायचं होतं, बुडालेल्या एका जहाजाचे फोटो काढायला. इतक्या खाली साधी हवा घेतली तर नायट्रोजन डोक्यात चढतो आणि माणूस झिंगतो. म्हणून त्याच्या जागी बराचसा हेलियम घालतात. आदल्या दिवशी मी वर येताना कुठे किती वेळ थांबायचं ते थांबे कागदावर मांडून मोठ्या हौसेने सासऱ्यांना दाखवले, तर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"इतकेच थांबे?"

"हेलियम हलका असतो ना, बाबा. पटकन निघून जाईल."

"हेलियम म्हणजे तुझ्या माहेरी गेलेला तुझा नवरा. बोलवायच्या आत घरात हजर आणि जेवण झालं की पळायची घाई. असे पन्नास जावई एकदम दाराशी आले तर काय होईल?"

"चेंगराचेंगरी."

"तीच रक्तात झाली की बुडबुडे होतात. म्हणून जरा खोलवरच पहिला थांबा घ्यायचा आणि एकेकाला बाहेर सोडायचं. तुझ्या या थोड्या वेळाच्या बुडीला हेलियम हवेपेक्षाही कमी सूट देतो. तो जितका जास्त, तितकं सावकाश वर यायचं."

मी कान पकडले आणि पंचेचाळीस टक्के हेलियम धरून थांबे पुन्हा मांडले. मनगटावरच्या यंत्रातही तोच आकडा घातला.

तर आता मी नाइलाजाने मोजायला घेतलं. चिठ्ठीवर ऑक्सिजन अठरा, हेलियम पंचेचाळीस. मोजायच्या यंत्राच्या पडद्यावर आलं सोळा आणि पंचावन्न.

माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून नळी नीट बसवून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. आकडे हलेनात. 'बरोबर आहे' असं म्हणावं, गुपचूप दुसरीकडून सिलिंडर भरून घ्यावं आणि त्यांची एकतीस वर्षं तशीच राहू द्यावीत, असं क्षणभर खरंच मनात आलं.

"बाबा, पंचावन्न आहे."

ते वाकले. नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले, मग मागे सरले, पुन्हा जवळ गेले.

"मला तर पंचेचाळीसच दिसतंय," ते हळू आवाजात म्हणाले.

नवरा उठून आला. त्यानेही वाकून बघितलं. "पंचावन्न आहे, बाबा."

भरताना त्यांनी दाबाचा काटा एक घर चुकीचा वाचला होता. मग तपासताना सोळाचे अठरा आणि पंचावन्नचे पंचेचाळीस दिसले होते. मी पंचेचाळीसच्या हिशोबाने लवकर वर आले असते आणि संध्याकाळी कदाचित माझे पाय चालले नसते. मला भीती वाटलीच, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्याहून जास्त वाईट वाटलं.

"डोळ्यांचे डॉक्टर दोन वर्षं सांगतायत, मोतीबिंदू काढा," ते म्हणाले. "मीच म्हणत होतो, पिकू दे अजून." मग त्यांनी सिलिंडरचा नळ उघडला आणि सगळा गॅस फुस्स करून जाऊ दिला. एवढा महाग हेलियम, पण ते शेवटच्या फुसकाऱ्यापर्यंत तिथेच उभे होते.

नवं सिलिंडर दुकानातल्या दुसऱ्या भरणाऱ्या बाईंनी भरलं. हे काम त्यांना सासऱ्यांनीच शिकवलेलं. सिलिंडर हातात देताना बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं नाही, सरळ मोजलं. अठरा आणि पंचेचाळीस.

बुडी झकास झाली. वर येताना तासभर दोराला लटकून थांबे घेतले. अंगातून एकेक जावई बाहेर पडतोय असं डोळ्यांसमोर येऊन इतकं हसू आलं की तोंडात पाणी शिरायचंच बाकी होतं.

दुपारी मी दुकानात येऊन बाकावर बसले तर सासरे काउंटरपलीकडे भिंतीशी उभे. भिंतीवर भरणाऱ्यांची यादी होती, दोन नावांची. चिठ्ठी चुकली की नाव कटलं, हा त्यांचाच नियम. या नियमाखाली त्यांनी सख्ख्या मेहुण्यालाही काढलं होतं आणि सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"अहो बाबा, ऑपरेशननंतर स्वच्छ दिसेल," नवरा म्हणाला. "कशाला खोडताय?"

"तेव्हाचं तेव्हा. आज नाही ना दिसत."

त्यांनी पट्टी धरली आणि पेनाने स्वतःच्या नावावर रेघ ओढली. मग माझ्याकडे वळले.

"सरळ आली का गं?"

रेघ उजवीकडे चढली होती. 'आली' हा शब्द अगदी ओठांवर होता.

"नाही, बाबा. थोडी वर गेलीय."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. पट्टी त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि काउंटरला वळसा घालून गिऱ्हाइकांच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले.