पकडायला माणूस

एका पायाने सायकल चालवता येते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणी मानत नाही.

उजवा पाय पॅडलला गमछ्याने बांधायचा. मग दाबताही येतं आणि वर ओढताही येतं. निघायला एक भिंत लागते, नाही तर कोणाचा खांदा. चालवणं कठीण नाहीच. कठीण आहे थांबणं. बांधलेला पाय जमिनीला टेकत नाही आणि दुसरा तर नाहीच. म्हणून जिथे थांबायचं तिथे एक माणूस लागतो. पकडायला.

माझा तो माणूस म्हणजे आई. उज्जैनला, नानाखेड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला सकाळी पदर खोचून उभी राहायची, हात पसरून, एकदम गोलकीपर.

"हळू ये रे मेल्या! मी काय पहेलवान आहे?"

पण सोडलं नाही तिने. एकदाही नाही.

डावा पाय बस स्टँडवर गेला, गुडघ्याच्या खालून. एक बस रिव्हर्स घेत होती आणि मी मागे होतो, बस. त्याच्या आधी मी सायकलवर देवासला जाऊन जेवायच्या वेळेला घरी परत यायचो. क्लब नाही, कोच नाही. व्हिडिओ बघून बघून शिकलो, चेन तोडायलाही आणि जोडायलाही.

मग भय्यासाहेब आले. फ्रीगंजचे. त्यांचे पणजोबा दरबारात होते, हे ते दुसऱ्याच वाक्यात सांगतात. स्वतःचा ट्रस्ट आहे. आमच्या घरी पोहे खाता खाता म्हणाले, "अमोल, तुझा पाय आता माझी जबाबदारी."

आयडिया अशी होती. त्यांचा पुतण्या विक्रांत, बंगलोरला कंपनीत आहे, तो उज्जैनहून जैसलमेरपर्यंत सायकल चालवणार. थेट वाळवंटात. लोक ते बघून पैसे देणार, आणि त्यातून मला पाय. साधा नाही, घोटा वाकतो तो.

मी म्हटलं, "मी पण चालवतो ना. रोज थोडी थोडी."

भय्यासाहेब इतके हसले की शेव ताटाबाहेर पडली.

"अरे वेड्या, तूच चालवलीस तर लोक पैसे कशाला देतील? तू गाडीत बस. दिसत राहा."

दिसत राहा. हे माझं काम.

टावर चौकात बँड लावून झेंडा दाखवला. सगळ्यांच्या गळ्यात कार्ड होतं. विक्रांतच्या 'सायकलवीर'. मुक्ताच्या 'मीडिया'. मुक्ता म्हणजे विक्रांतची चुलत बहीण, व्हिडिओ तीच काढणार होती. माझ्या कार्डावर लिहिलं होतं 'लाभार्थी'.

"अमोलदादा, पँट जरा वर दुमडून घे ना," मुक्ता म्हणाली. "दिसून नाही राहिलं."

दुमडली.

आई गाडीच्या खिडकीशी आली. "टोपी घाल, ऊन लागेल."

"आई, एसी गाडी आहे."

"मग स्वेटर घाल."

जावरा, मंदसौर, नीमच, चित्तौड. विक्रांत पुढे सायकलवर, मागे आमची गाडी, आणि गाव आलं की माझी खिडकी खाली. बायका मांडीत केळी ठेवायच्या. एका म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. मला वाटलं आता नारळ फोडतो की काय. मी त्याच्याकडे बघून हसलो तर मुक्ता हळूच म्हणाली, "दादा, थोडं कमी हस."

देवाचं बरं असतं यार. त्याला मिरवणुकीत नेतात, पण तोंड कसं ठेव ते सांगत नाहीत.

विक्रांत माणूस वाईट नव्हता. सायकल वाईट चालवायचा. चढावर जड गियर, उतारावर ब्रेक. मी खिडकीतून ओरडायचो, "भिया, गियर हलका कर! गुडघे फुटतील!"

"करतोय, करतोय!" तो ओरडायचा आणि उलटंच करायचा.

संध्याकाळी तो लंगडत यायचा आणि लोक त्याचे पाय दाबायचे. मी बाजूला बसून केळी खायचो. खोटं कशाला बोलू, जळायचो मी. पायासाठी नाही. त्याच्या खाली सायकल होती म्हणून.

पोखरणच्या पुढे रस्ता एकदम सरळ आहे. दोन्ही बाजूंना माती आणि काटे, मध्येच एखादं खेजडीचं झाड, आणि वारा समोरून. तिथे विक्रांत संपला. आधी उलटी, मग पायांत गोळे. रस्त्याच्या कडेला पडला तो उठेचना. ड्रायव्हरने आणि मुक्ताने उचलून मागच्या सीटवर टाकला.

भय्यासाहेब तेव्हा आमच्यात नव्हते. ते पुढच्या पेट्रोल पंपावर गेले होते, तिथल्या व्यापारी लोकांनी स्वागत ठेवलं होतं. पैसे देणाऱ्यांच्या फोनवर एक बिंदू दिसायचा, सायकल कुठे आहे त्याचा. पाचच मिनिटांत फोन आला.

"बिंदू का थांबलाय? इथे ढोलवाला उभा आहे!"

मुक्ताने विक्रांतकडे बघितलं. विक्रांतने डोळे मिटले.

मी म्हटलं, "मी चालवतो."

मग विक्रांतने पडल्या पडल्या हेल्मेट काढून माझ्याकडे ढकललं. "दे त्याला. माझ्याच्याने नाही होत यार."

सीट खाली केली. ड्रायव्हरच्या गमछ्याने पाय बांधला. मुक्ताला मी समोर उभं करून सांगितलं, "गाडी पुढे काढून पंपावर थांब. डाव्या बाजूला उभी राहा. मी आलो की एक हात हँडलला, एक माझ्या खांद्याला. फोन खिशात. समजलं?"

"हो दादा. पक्कं."

ड्रायव्हरने धक्का दिला आणि मी निघालो.

काय सांगू. वारा तोंडावर येत होता, माझ्यासाठी, खिडकीच्या काचेवर नाही. पहिल्या चढाला मांडी पेटली. गियर हलका केला, श्वास लावला, चाललो. गाडी पुढे निघून गेली आणि रस्त्यावर मी एकटा. चेनचा आवाज येत होता, बस. मागून एक ट्रक आला, लांबून हॉर्न मारत मारत. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ हीरो! साइड में मर ना!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी मला शिवी दिली. इतकं बरं वाटलं की मी जोरात हसलो. कमी नाही हसलो.

पंप दिसला. मंडप, झेंडे, ढोल. गाडी उभी होती. डाव्या बाजूला मुक्ता उभी होती, बरोबर सांगितलं तिथे.

फोन वर करून.

मी ओरडलो, "मुक्ता! पकड!" तिने मान हलवली. फोन हलवला नाही. मग मी सगळ्यांसाठी ओरडलो, "पकड़ो भिया, कोई पकड़ो!" तीस-चाळीस माणसं असतील. सगळ्यांचे हात वर, सगळ्या हातांत फोन. फक्त भय्यासाहेब पुढे आले. त्यांच्या दोन्ही हातांत हार होता. मी जवळ आलो तसा त्यांनी हार पुढे केला.

मी डावीकडे पडलो. तिथे टेकायला जे काही होतं ते गिट्टीवर घासत गेलं. हार नंतर घातला, पडलेल्यालाच. तोपर्यंत ढोल चालू होता.

रात्री जैसलमेरच्या धर्मशाळेत मुक्ताने व्हिडिओ दाखवला. मी पंपाजवळ येतो आणि पडतो, एवढाच. खाली रडकं म्युझिक.

"चालवलेलं कुठे आहे?" मी विचारलं. "गाडीतून काढत होतीस ना?"

मुक्ता भय्यासाहेबांकडे बघायला लागली.

"बेटा, विचार कर," भय्यासाहेब म्हणाले. "चालवलेलं दाखवलं तर लोक म्हणतील, ह्याला पायाची गरजच काय? पडलेलं बघून त्यांना समजतं."

"पण मी चालवली."

"हो ना! आपल्याला माहीत आहे ना. बस."

मुक्ता मला नंतर म्हणाली, "सॉरी दादा, फोन भरला होता. आधीचं सगळं उडवावं लागलं." ती रडत पण होती. मला वाटतं खरंच रडत होती.

व्हिडिओ चालला. जावरा-मंदसौरच्या केळ्यांनी आले नसते तेवढे पैसे त्या पडण्याने आले. आणि त्याच पडण्याने जखम अशी चिघळली की पाय बसवणारा डॉक्टर म्हणाला, हे भरल्याशिवाय माप घेता येणार नाही. म्हणजे पैसे तयार, पाय तयार होऊ शकतो, फक्त मीच तयार नाही.

सत्कार मात्र थांबला नाही. फ्रीगंजमधला हॉल, आपलेच सगळे मराठी लोक. विक्रांतला शाल, श्रीफळ. मला पण. मग दिवे बंद केले आणि पडद्यावर मी पडलो, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोठा. बायका डोळे पुसायला लागल्या.

अंधारातून आईचा आवाज आला. "पकडलं का नाही कोणी?"

लोकांनी मागे वळून बघितलं.

"एवढी माणसं उभी आहेत. तो ओरडून राहिलाय, पकडा, पकडा. मी एकटी बाई रोज पकडते त्याला! तुमच्यातल्या एकाने फोन खाली ठेवला नाही?"

दिवे लागले. भय्यासाहेबांनी माइक घेतला. "अलकाताईंच्या भावना आपण समजू शकतो. आईचं काळीज आहे." आणि त्यांनी टाळी वाजवली. म्हणून सगळ्यांनी वाजवली.

आई उभीच होती. टाळ्या संपेपर्यंत. मग खाली बसली.

ऑटोत परत येताना नारळ तिच्या मांडीत होता. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कुठून कुठपर्यंत चालवलीस?"

मी सांगितलं.

"चढ होता?"

"दोन."

"आणि वारा?"

"समोरून."

"हं," ती म्हणाली. अख्ख्या उज्जैनमध्ये तेवढंच कोणी विचारलं.

पाय शेवटी आला. घोटा वाकतो. पिंडरीवर ट्रस्टचं नाव छापलंय, पुसलं जात नाही, मी करून बघितलं. चालतो त्याने, चांगला आहे. खोटं नाही बोलणार.

काल भय्यासाहेबांचा फोन आला. ह्या वर्षी परत सायकल निघणार आहे, कच्छच्या रणाकडे, एका मुलीसाठी. टावर चौकात झेंडा मी दाखवायचा.

"येतो," मी म्हटलं.

"आणि ऐक बेटा, तो पाय... त्या दिवशी नको लावूस. लोकांना तू तसाच आठवतोस."

मी म्हटलं, "ठीक आहे. मग नानाखेड्याहून सायकलवरच येतो. चौकात पकडायला एक माणूस ठेवा."



"हो हो," ते म्हणाले. "मुक्ता असेल ना तिथे."

मी फोन ठेवला. आई कणीक मळत होती, तिने ऐकलं होतं सगळं.

"जाणार?"

"नाही."

"त्या मुलीचा नंबर असेल तर घे," आई म्हणाली. "तिच्या आईशी बोलते मी."