नाताळच्या गवताची उशी

किटलीचं झाकण खडखडायला लागलं. मी उठून आच कमी केली. टेबलावर इंजिनियरबाई यानेतनं आणलेला कागद पडला होता. त्यावर बारा घरं, बारा आकडे. आमच्या घरापुढचा आकडा तिनं लाल पेननं गोल केला होता.

"चहा घ्या, इंजिनियरबाई," सासूबाई म्हणाल्या. "डोंगरी पुदिन्याचा आहे. पोटाला बरा."

यानेत सप्टेंबरात पहिल्यांदा आमच्या साल्कामायो गावात आली, ती जाळीच्या पिशव्या घेऊन. आत साल्वाहिना. झाडाकड्यांवरून म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लोंबते ना, तीच, करडी, बिनमुळांची. दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका स्वच्छ खोऱ्यातून तिनं ती आणली होती. बारा घरांच्या वळचणीला एकेक पिशवी टांगली आणि बजावलं, हिला पाणी घालू नका, धुऊ नका, हात लावू नका. हिला जमिनीतून काही मिळत नाही, हवेत जे असेल तेच ही अंगात घेते. सासूबाई तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. "अगं बाई, एवढ्या लांबून गवत आणलंत? आमची घळ भरून लोंबतंय! मला विचारायचंत, पोतंभर दिलं असतं."

घळ म्हणजे नदीपलीकडची. शिशाच्या कारखान्याच्या धुराड्यासमोरची.

डिसेंबरात पिशव्या उतरवून नेल्या, आणि आज, मार्चात, हा कागद.

"म्हणजे जास्त आहे का?" मी विचारलं.

"तिकडच्या खोऱ्यातल्या गवतात जेवढं शिसं होतं, त्याच्या साठपट. बाकीचे धातू तर…" यानेत थांबली. "आणि तेही तीन महिन्यांत, नेलिदा."

"गवताचं निराळं," सासूबाई म्हणाल्या. "माणूस काय रात्रंदिवस वळचणीला लोंबतो?"

यानेत हसली नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. चुलीजवळच्या बाकावर माझी लेक इल्यारी उशी कवटाळून बसली होती. सकाळपासून पोट दुखतंय म्हणत होती. दवाखान्यातून तीनदा जंताचं औषध आणलं, पण दुखणं काही जाईना. उशीच्या कोपऱ्याची शिवण थोडी उसवली होती. तिथून एक काळी बट ओढून ती बोटाला गुंडाळत होती आणि मधूनच बोट चोखत होती.

"ती उशी कशाची आहे?" यानेतनं विचारलं.

सासूबाईंचा चेहरा खुलला. "अहो, नाताळच्या गवताची! बाळ येशूला गोठ्यात झोपवतो ना आम्ही, ते साल्वाहिनाच्याच गादीवर. सहा जानेवारीला देखावा उतरवला की ते गवत टाकून कसं द्यायचं? देवाच्या अंगाखालचं. घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराच्या उशीत भरायचं. गावात सगळेच करतात. पण मी काही कसलंही उचलत नाही हं! घळीत स्वतः जाते आणि काळं झालेलं तेवढंच निवडते. करडं असतं ते कच्चं, गालाला टोचतं. काळं म्हणजे पिकलेलं. कसं मऊ लागतं बघा."

यानेतनं कप खाली ठेवला. "किती वर्षं?"

"जन्मल्यापासून. दर जानेवारीला नवं भरतो."

भरायच्या सासूबाई, पण चौथी बाजू शिवायचे मी. टाके बारीक घालायचे, काडी बाहेर यायला नको म्हणून. शिवून झालं की आधी माझा गाल टेकवून बघायचे, मग तिचा. हाताला काळी पूड लागायची. ती मी एप्रनला पुसायचे आणि त्याच हातांनी पोरीला जवळ घ्यायचे.

"इल्यारी, दे बघू ती इकडे."

"नाही. माझी आहे."

"दे म्हणते ना!" माझा आवाज चिरकला. तिनं घाबरून उशी सोडली. मी ती पिशवीत कोंबून दाराबाहेर ठेवली. बाहेर वारा पडला होता, आणि धुराड्याचा धूर वर न जाता गल्लीत उतरायला लागला होता. मी खिडकी लावून घेतली.

"हिचं रक्त तपासायला हवं," यानेत हळूच म्हणाली. "शुक्रवारी आमची गाडी शहरात जाते. दोघींना नेते."

"विल्बेरला कारखान्याच्या पाळीवरून येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "कारखान्याला कळलं तर त्याला काय काय ऐकावं लागेल. नवरा आहे तुझा, आधी त्याला विचारू."

"नाही विचारायचं," मी म्हणाले. "शुक्रवारी जायचं म्हणजे जायचं."

लग्नानंतरच्या सहा वर्षांत मी त्यांना असं उलटून बोलले नव्हते. मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. बाकावर जाऊन बसल्या, इल्यारीची मूठ उघडली आणि आपल्या घागऱ्याच्या काठानं तिची बोटं पुसायला लागल्या. एक एक बोट. पुसून झालं की पुन्हा पहिल्यापासून.

"बाळ येशूच्या अंगाखालचं होतं गं ते," त्या पुटपुटल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे.

इल्यारी हात सोडवून टेबलापाशी आली. लाल गोलावर बोट फिरवत राहिली.

"इंजिनियरबाई, ते गवत आमच्याकडे तीनच महिने होतं?"

"हो, बाळा. तीनच."

तिनं तीन बोटं वर केली, त्यांच्याकडे बघितलं. मग दुसरा हातही वर केला. सगळी बोटं उघडली, तरी तिला पुरेनात. ती माझ्याकडे वळली.

"आई, मी किती महिन्यांची आहे गं?"